घोंगडीवरचे बुद्ध

भिंतीतून सगळ्यात आधी बाहेर आला तो तांब्या.

बोरगव्हाणच्या वस्तीतल्या जुन्या बुद्ध विहाराची मागची भिंत त्या दिवशी पाडायची होती. नवा विहार मंजूर झालेला, खांबांचे खड्डे खोदून झालेले, आणि ही एकच भिंत तेवढी मधे आडवी. गवंड्यानं उजव्या अंगाला खाली घण घातला तशी भिंत अंगभर हादरली आणि मधूनच चुन्याची भाकरीएवढी खपली गळून पडली. खाली काळं ठिक्कर. गवंडी दुसरा घाव घालणार, एवढ्यात चहाची किटली घेऊन आलेल्या मुक्ताबाई पुढं झाल्या आणि पदराच्या शेवानं त्यांनी ते काळं पुसलं. का पुसलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हात गेला, एवढं खरं. काळ्यातून पिवळं चमकलं, पिवळ्याला गोल पोट आलं, पोटावर गळा आला, आणि भिंतीत एक पितळी तांब्या उभा राहिला. नुकताच चिंचेनं घासून ठेवल्यासारखा.

मुक्ताबाईंच्या हातातली किटली गळून पडली. चहा सगळा मातीत. त्या गवंड्याच्या आणि भिंतीच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"घण ठिव खाली," त्या म्हणाल्या. "माझी आई हाय ह्या भिंतीत."

नवख्या माणसाला वाटलं असतं म्हातारी चळली. पण वस्तीत हसलं कुणी नाही, कारण मुक्ताबाईंचं हे पालुपद सगळ्यांच्या कानांवरून गेलेलं. गोष्ट अशी होती. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन वस्तीतली माणसं परत आली, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या तक्क्यात, म्हणजे वस्तीच्या बसाउठायच्या जागेत, जिचा पुढं हा विहार झाला, भिंतीवर बुद्धांचं चित्र काढून घेतलं. त्यासाठी तुळजापूरकडचा शांतलिंग नावाचा पेंटर आणला. त्यानं बुद्धांच्या पुढ्यात वस्तीतली माणसंही काढली, खरीखुरी, समोर बसवून. त्यात मुक्ताबाईंची आई इरम्माही होती. इरम्मा म्हणजे पार उमरग्याच्या पलीकडून, कानडी मुलखातून आलेली सून. पुढच्याच पावसाळ्यात असा पाऊस लागला की मातीची घरं बसली, आणि चार घरच्या चुली तक्क्यात मांडल्या गेल्या. त्यातच पटकीची साथ आली. इरम्मा गेली. आत्यानं पोरक्या मुक्ताला उचललं ते थेट उमरग्याला आपल्या घरी नेलं. इकडं पाऊस सरेतो चुलींच्या धुरानं भिंत काळीकुट्ट झाली होती. चित्र जळालं असं धरून लोकांनी वर चुना फासला आणि सगळेच ते विसरले.

मुक्ताबाई लग्न होऊन याच वस्तीत परत आल्या, तेव्हा भिंत पांढरीफटक होती. आत्या सांगायची, तुझी आई त्या भिंतीवर हाय, पार कडंला, आन् तिच्याबरूबर तू बी हायस. दुसरा फोटो कुठून असणार? आईचं कसलंसं कानडी गाणं मुक्ताबाईंना अर्धंमुर्धं आठवायचं, पण तोंड काही केल्या आठवायचं नाही. डोळे मिटले की दिसायचा तो पदर, मुठीत घट्ट धरलेला, आणि पदराच्या वर काहीच नाही. केस पांढरे झाले, पोरं-नातवंडं झाली, तरी आईचं तोंड एकदा बघावं ही हाव काही सुटली नव्हती. हाव म्हणा, हट्ट म्हणा, त्या स्वतः त्याला भूक म्हणायच्या.

आणि गंमत बघा, दरसाल जयंतीच्या आधी त्या भिंतीला चुना द्यायला सगळ्यांत पुढं कुंचा कुणाचा, तर मुक्ताबाईंचा. चुन्यात नीळ किती कालवायची हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. चित्र गेलं ते गेलं, निदान भिंत तरी चांगली दिसू दे, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची सून संघप्रिया ढोकीच्या शाळेत चित्रकला शिकवायची. निरोप मिळताच ती गाडीला किक मारून आली. मोबाईलवर फोटो काढून तिनं तो वैदेहीला पाठवला. वैदेही कॉलेजातली तिची मैत्रीण, तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातली, आणि जुनी चित्रं दुरुस्त करणं हाच तिचा धंदा. तिचा उलट फोन आला तो ओरडतच. भिंतीला कुणी बोट लावलं तर बघा, मी सकाळी निघते.

आता राहिले तात्याराव. विहार कमिटीचे अध्यक्ष, साखर कारखान्यातून रिटायर झालेले, शिस्तीचे एकदम कडक. नव्या विहारासाठी त्यांनी इतके उंबरे झिजवले होते की चपलांचे अंगठे तुटले. सोमवारी जेसीबी येणार होता. एका तांब्यासाठी काम थांबवायचं म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. मुक्ताबाईंनी वाद घातला नाही. घरून चटई आणली, भिंतीला पाठ लावून बसल्या, आणि उजव्या हातानं सुनेचा पदर धरून ठेवला. ही त्यांची जन्माची खोड. जीव वरखाली झाला की जवळच्या बाईचा पदर त्यांच्या मुठीत जायचा. त्यातून त्या मुठीला सहा बोटं. अंगठ्याला लागून लिंबोळीएवढं सहावं बोट होतं, त्यापायी लहानपणी उमरग्यात पोरींनी त्यांना सहाबोटी म्हणून पिडलं होतं. ती मूठ बघून तात्याराव ओळखून चुकले की ही बाई आता उठत नाही. धम्मचक्र दिनापर्यंत थांबतो, ते म्हणाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी.

वैदेही आली ती दिव्यांच्या, ब्रशांच्या, सुऱ्यांच्या पेट्या घेऊन. भिंतीवर तिनं बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, खपलीची कड नखानं उचलली, आणि हसायलाच लागली. सगळे बावरले. मग तिनं समजावून सांगितलं. काजळीला तेलकटपणा असतो, तिच्यावर चुना धड चिकटतच नाही. इतक्या वर्षांचा चुना नुसता वर पांघरुणासारखा बसलेला. ज्या धुरानं चित्र मेलं असं तुम्ही समजलात, आजी, त्याच धुरानं ते जपलंय. मुक्ताबाईंना तेलकटपणाचं काही कळलं नाही, जपलंय एवढं कळलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग जे सुरू झालं, त्यानं वस्तीची झोपच उडवली. वैदेही आणि संघप्रिया चपट्या सुऱ्यांनी चुन्याचे पापुद्रे उचलायच्या, आणि खालची काजळी पुसायला वैदेहीनं मागितलं काय, तर पाव. तिच्याकडचे खास स्पंज दोन दिवसांत काळे होऊन संपले, तेव्हा ती म्हणाली, जुने लोक पावाच्या मऊ गाभ्यानं काजळी टिपायचे, घासायचे नाही, नुसते दाबून टिपायचे. ढोकीच्या बेकरीतून लाद्याच्या लाद्या यायला लागल्या. बेकरीवाला विचारायला लागला, लग्न आहे का. वस्तीतल्या बाया हात धुऊन रांगेनं बसल्या. पांढरा पाव भिंतीला टेकवायचा, काळा करून काढायचा, कण ब्रशनं झटकायचे, पुढचा घ्यायचा. ज्या बाईच्या पावाखालून रंग निघेल तिच्याभोवती सगळ्या गोळा व्हायच्या. कुणाच्या वाट्याला कडुलिंबाची डहाळी आली, कुणाच्या वाट्याला बैलाचं शिंग, एकीच्या वाट्याला आला तो तिच्या सासऱ्याचा बाप, मुंडासं आणि तुटक्या कानासकट. ती बाई संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कान दाखवत होती.

आणि मग बुद्ध निघाले.

आधी शांत मिटले डोळे, मग खांद्यावरचं चीवर, मग मांडी.  कमळ कुठंय म्हणून वैदेही खाली खाली टिपत गेली, तर कमळ नव्हतंच. बुद्ध बसले होते घोंगडीवर. काळी घोंगडी, चौघडी करून अंथरलेली, तिच्या दशाही एकेक करून काढलेल्या. उजव्या हाताशी तो पितळी तांब्या, त्यावर पालथं भांडं. मागं पिंपळ नाही, वस्तीतला कडुलिंब.

तात्यारावांचा चेहरा पडला. धाराशिवहून, लातूरहून माणसं येणार, भंते येणार, आणि ते बघणार काय, तर तथागत घोंगडीवर. कमळ रंगवून घेता येईल का, असं त्यांनी वैदेहीला हळूच विचारलं. वैदेही काही बोलायच्या आत मुक्ताबाई बोलल्या.

"तात्या, आपल्या घरी मोठा पाव्हणा आला तर आपून त्याला कशावर बसवतो?"

 मुक्ताबाईंनी तांब्याकडं बोट केलं.

"आन् त्या टायमाला आपल्या तांब्यातलं पाणी गावात कोण पीत व्हतं? ह्यो एक पाव्हणा प्याला."

तात्यारावांनी टोपी काढली. बराच वेळ ती हातात फिरवत राहिले. मग ते घोंगडीसमोर पंचांग प्रणाम करून उठले ते थेट बाहेर गेले, आणि संध्याकाळी कमिटीच्या चार जणांना घेऊन परत आले. त्यांना त्यांनी तांब्याचा अर्थ असा काही समजावून सांगितला, जसा काही पेंटर त्यांना विचारूनच काम करत होता. मुक्ताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. भिंत ठेवू असं मात्र तात्याराव अजून म्हणाले नव्हते. खांब तिथंच यायचा होता.

बायकांची रांग उजव्या अंगाला होती. आत्यानं कडंला म्हटलं होतं, तेव्हा मुक्ताबाईंचा जीव सगळा तिकडं. धम्मचक्र दिन दोन-तीन दिवसांवर आला. पहिली बाई निघाली, हिरवं लुगडं, हातांत काकणं, आणि तोंडावर पदर, पार हनुवटीपर्यंत. दुसरी निघाली, तिचाही पदर खाली. तिसरी, चौथी, तीच तऱ्हा. जुन्या बायांना लगेच उमगलं. तक्क्यात सासरे, थोरले दीर बसलेले, वर परका पेंटर समोर, तिथं वस्तीच्या सुना तोंड उघडं ठेवून बसतीलच कशा? शांतलिंगानं तांब्या दिसला तसा तांब्या काढला, कान दिसला तसा कान काढला, आणि पदर दिसला तसा पदर काढला. खोटं तोंड त्यानं एकीलाही लावलं नव्हतं.

 तरी मुक्ताबाई बसून राहिल्या, कारण आईजवळ त्या स्वतः असणार होत्या. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख बघितली तर चित्र काढलं त्या सालची निघत होती, म्हणजे मांडीवरचं तान्हं लेकरू. दुपारून ते लेकरू निघालं. शेवटाला बसलेली बाई, मांडीवर टोपडं घातलेलं बाळ. संघप्रियानं पाव टेकवायच्या आधी सासूकडं बघितलं. मुक्ताबाईंनी तिचा पदर गच्च धरला. एक पाव काळा झाला, दुसरा झाला, आणि दिसलं ते लाल लुगडं आणि त्याचा हनुवटीपर्यंत ओढलेला पदर.

 वैदेही वळून पेटीत उगीचच काहीतरी शोधू लागली. संघप्रियाचे डोळे डबडबले. मुक्ताबाई उठल्या, डोक्यावरचा पदर नीट केला, झालं म्हणाल्या, आणि घरी गेल्या. इतक्या वर्षांची भूक घेऊन त्या बसल्या होत्या आणि पुढ्यात रिकामी परात आली होती. त्यांना रडूही येईना.

रडू येत नाही तर करायचं काय? त्यांनी भाकरी थापायला घेतल्या. ज्वारीचं पीठ मळताना मनात तेच फिरत होतं, आत्याचं बोलणं. आत्या तशी बोलघेवडी, त्या सालचं सगळं रंगवून सांगायची. दीक्षा घेऊन माणसं आली तेव्हा वेशीपासून बैलगाडीतून त्यांना कसं आणलं, अन् तू मुक्ते, त्या गाडीमागं पळत सुटलीस, पडलीस, अन् पुढचा दुधाचा दात पाडून घेतलास. दात हातात धरून भोकाड पसरलंस.

मुक्ताबाईंचा हात पिठात थांबला.

गाडीमागं पळाले. आणि ती गाडी चित्राच्या आदल्या वर्षीची. मांडीवरचं लेकरू कुठं गाडीमागं पळतं? आधारावरची तारीख शाळेतल्या दाखल्यावरून आलेली, आणि दाखल्यावर गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एकच एक जून लावून दिलेला, वयं त्यांच्या मनाला येतील तशी. वस्तीत म्हातारं-कोतारं कुणाचंही आधार बघा, सगळे एक जूनलाच जन्मले. हे माहीत असून सगळ्यांनी त्या कागदावर भरवसा ठेवला होता, आणि सगळ्यांत जास्त मुक्ताबाईंनीच.

तवा तसाच धगधगत राहिला. पिठाचे हात घेऊन म्हातारी विहाराकडं पळत सुटली. वाटेत कुणी विचारलं आग लागली का, तर व्हय म्हणाली.

"मी तान्ही न्हवते," दारातूनच त्यांनी सांगितलं. "मी पळत व्हते. उभी पोर हुडका."

वैदेहीनं भिंतीकडं बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. लाल लुगड्यावाल्या बाईच्या पलीकडं, पार कडेला, भिंतीचा सुपाएवढा तुकडा अजून झाकलेला होता. तिनं तो मुद्दामच सोडला होता. गवंड्याचा पहिला घण तिथंच बसला होता. गिलावा भिंतीपासून सुटून फुगला होता आणि पेरानं वाजवलं की डबड्यासारखा वाजत होता. चुकीचा हात लागला तर काजळी, रंग, सगळं खाली पडून चुरा होणार होतं.

त्या दिवशी मग चुना काढायचं काम थांबलं आणि भिंत जगवायचं सुरू झालं. बारीक चाळलेल्या चुन्याचा पातळ काला करून वैदेहीनं तो इंजेक्शनच्या सुईनं फुगीच्या मागं सोडला, थेंबाथेंबानं. मऊ कापूस लावलेली फळी वरून टेकवली, आणि फळीला टेका द्यायला कोण पुढं आलं, तर तात्याराव. घरच्या दोन बांबूंची टेकणं त्यांनी स्वतः बसवली, दर थोड्या वेळानं येऊन बघितली, आणि कुणी जवळून जोरात चाललं तरी त्याच्या अंगावर खेकसले. धम्मचक्र दिन आला. पंचशील झालं, निळे झेंडे लागले, गोड जेवण झालं, पण सगळ्यांचं लक्ष त्या फळीकडं. मुक्ताबाईंची खिरीची वाटी तशीच राहिली.

दुपारी वैदेहीनं फळी काढली. पेरानं वाजवलं. आवाज भरीव आला. विहारभर माणसांनी श्वास सोडला तो ऐकू आला.

चुना निघाला. मग पाव. आधी दिसला एक लहान परकर, डाळिंबी रंगाचा. उभी पोर. तिची पाठ अर्धी वळलेली, तोंड उघडं, हसणारं, आणि पुढचा एक दात नाही. बाया कुजबुजायला लागल्या. मुक्ताबाईंनी संघप्रियाचा पदर असा आवळला की खांद्यावरची पिन तुटली. पोरीचा हात वर गेला होता. वैदेही त्या हातामागं पाव टेकवत गेली, मनगट आलं, मूठ आली, मुठीत पकडलेला पिवळा पदर आला. आणि मुठीला अंगठ्याशेजारी लिंबोळीएवढं बोट.

संघप्रिया मोठ्यानं मोजायला लागली आणि सहावर तिचा आवाजच फुटला.

पिवळा पदर त्या मुठीतून तिरका वर गेला होता, आणि जिच्या डोक्यावरून तो ओढला होता तिचं तोंड आता पावाखालून हळूहळू वर येत होतं. हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. रुंद कपाळ. सुटलेल्या केसांची एक बट. एक हात घसरलेला पदर पकडायला निघालेला, आणि तोंड असं, की पोरीला रागवावं का हसावं ते ठरत नाहीय, आणि हसूच जिंकतंय. सगळ्या रांगेत तेवढं एकच तोंड उघडं. शांतलिंगानं त्या क्षणी जे बघितलं तेच लावून दिलं होतं.

मुक्ताबाई भिंतीपाशी गेल्या. हात लावायचा नाही हे त्यांना आता पाठ झालं होतं, म्हणून त्यांनी तो वीतभर अलीकडंच थांबवला. मग आपली सहा बोटं त्यांनी उलटीसुलटी करून बघितली.

"म्याच वढला व्हता गं," त्या म्हणाल्या. "म्या वढला म्हणून ऱ्हायली."

आणि मग आलं रडू. हसताहसता आलं, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या बायांना आलं. तात्याराव फोन घेऊन बाहेर गेले. जेसीबीवाल्यावर त्यांचा चढलेला आवाज आत येत होता, उद्याच काय, कधीच यायचं नाही म्हणून. पाठोपाठ त्यांनी इंजिनियरला लावला आणि खांब तीन हात मागं घ्यायला सांगितला. का ते त्याला फोनवर सांगता येईना, तर म्हणाले, इथं येऊन बघ, आपला विहार आता हिच्याभोवतीच उभा राहणार.

संघप्रिया सासूजवळ गेली. इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यावरून पदर ढळलेला तिनं कधी बघितला नव्हता. आज तो खांद्यावर येऊन पडला होता, पांढरे केस मोकळे, आणि त्यांना त्याचं भानच नव्हतं. तिनं हलकेच पदर उचलला आणि परत डोक्यावर ठेवायला गेली.

मुक्ताबाईंनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, संघे," त्या म्हणाल्या. "तिला बी माझं त्वांड बघू दे की."